डाव्या सीटसमोरचा आरसा

१

"पुन्हा निघाली मेली! रोज चिकटवा, रोज उपटून येते. आणि ठेच लागायची ती मलाच."

त्या घरची सून पायरीवर उकिडवी बसून स्वतःशीच कुरकुरत होती. मी तिच्या इतकी जवळ उभी होते की अंबाड्यातल्या पिना मोजता आल्या असत्या. हातात पिवळ्याधमक चिकटपट्टीचं रीळ, दातांत कात्री. घराच्या चारही पायऱ्यांच्या कडेला तिने ती पट्टी लावली होती, आणि सगळ्यांत खालची सुटून जिभेसारखी लोंबत होती.

मी खाकरले. ती दचकून उठली आणि रीळ पाठीमागे लपवलं.

"रंग द्यायचाय पायऱ्यांना," ती म्हणाली. "म्हणून खूण केलीय."

मी काही विचारलंच नव्हतं.

"मी विमा कंपनीकडून आलेय. गाडीचं बघायला."

तिचा चेहरा उतरला. "या. फक्त चपला तिकडे कोपऱ्यात ठेवा हं. वाटेत नको."

माझं काम थोडक्यात सांगते. धडकलेल्या गाड्या मी बघते आणि त्या का धडकल्या ते लिहून देते. हे मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. पंचवीस वर्षं मोडक्या गाड्यांखाली आडवी पडून शिकले. गाडीला कोणाची भीड नसते, म्हणून मला तिच्याशी बोलणं माणसांपेक्षा सोपं जातं.

या घरची गाडी पाच आठवड्यांपूर्वी भर दुपारी, रस्त्याच्या कामासाठी ठेवलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर आदळली होती. चालवत होते मास्तर. वय चौऱ्याहत्तर, तांत्रिक शाळेत यंत्रांची रेखाचित्रं शिकवण्यात उभा जन्म गेलेला. त्यांच्या तीन बरगड्या मोडल्या. शेजारी बसलेली त्यांची बायको, जिला सगळी गल्ली माई म्हणायची, जागच्या जागी गेली.

अपघाताच्या चारच दिवस आधी गाडीचे ब्रेक नवीन बसवले होते. बसवणारा मेकॅनिक मास्तरांचाच जुना विद्यार्थी. शाळेत असल्यापासून त्याच्या खिशात पाना असायचा म्हणून मास्तरांनीच त्याचं नाव पान्या पाडलेलं. मास्तरांच्या मुलाने तक्रार केली की ब्रेक निकामी होते. पान्याच्या गॅरेजला कुलूप लागलं. आता माझ्या कागदावर 'ब्रेक निकामी' हे दोन शब्द आले की ते कुलूप कायमचं, आणि पान्या तुरुंगात.

मुलगा बैठकीत वाट बघत होता. चाळिशीचा, दाढी वाढलेली, बोलताना हात चोळायची सवय.

"ब्रेक लागलेच नाहीत," मी बसायच्या आत तो म्हणाला. "रस्त्यावर टायर घासल्याची एक रेघ नाही. सरळ जाऊन आदळली गाडी. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"मास्तर म्हणाले का, पेडल खाली गेलं म्हणून?"

"ते कुठे काही बोलतात." त्याने हात चोळले. "पण दुसरं काय असणार?"

घरात सगळं नवीन होतं आणि सगळं मोठं होतं. भिंतीवर थाळीएवढं घड्याळ, तळहाताएवढ्या आकड्यांचं. कोपऱ्यात फोन, त्याची बटणं बिस्किटांएवढी. सकाळचे दहा वाजले होते, ऊन आत आलं होतं, तरी चारही दिवे ढणाढणा जळत होते. मी नजर वर केली तशी सून म्हणाली, "ते... राहतात कधीकधी चालू."

मास्तर खिडकीपाशी बसले होते. ताठ, नीट भांग पाडलेले, शर्टाचं गळ्यापर्यंत बटण लावलेलं. सुनेने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि ठेवताना बशीवर चमचा दोनदा वाजवला. मास्तरांचा हात बरोबर कानाकडे गेला, कपाच्या कानाकडे. बाही जरा वर सरकली तेव्हा डाव्या हातावर चार बारीक वण दिसले, नखाच्या कोरीसारखे.

"मास्तर," मी म्हटलं, "पेडल दाबलंत तेव्हा पायाला कसं लागलं? घट्ट, की पोकळ?"

त्यांनी उलट विचारलं, "पान्या बरा आहे का?"

"बाबा, त्या काय विचारतायत?" मुलगा म्हणाला.

"तिची दाढ दुखत होती," मास्तर माझ्या आवाजाच्या दिशेने म्हणाले. "मी तिला म्हटलं, पोचलोच आता."

"बाबा, पुरे. दमलात तुम्ही." मुलगा उठूनच उभा राहिला, आणि मला कळलं की या घरात अशी एक गोष्ट आहे जिच्या आसपाससुद्धा कोणाला फिरकू द्यायचं नाही.

२

गाडी पोलिसांच्या आवारात उभी होती. पुढून चेंदामेंदा, मागून जशीच्या तशी. अशा गाड्या बघून मला नेहमी वाटतं की मागच्या अर्ध्या भागाला अजून बातमी कळलेली नाही.

आधी ब्रेक बघितले. घासणारे भाग नवे कोरे, तेल काठोकाठ, नळ्या कोरड्या, सगळे बोल्ट इतके घट्ट की पान्याचा स्वभाव कळावा. पण मुलगा म्हणणार, त्या क्षणी दगा दिला असेल. त्या क्षणाचा साक्षीदार मला हवा होता.

तो मागच्या दिव्यात असतो. जुन्या गाड्यांत एकाच छोट्या बल्बमध्ये दोन तारा असतात. एक रोजचा दिवा लावला की पेटते, दुसरी ब्रेकवर पाय पडला की. पेटलेली तार तापून मऊ झालेली असते. त्या वेळी धक्का बसला तर ती ताणली जाऊन विस्कटते. विझलेली तार ताठच राहते. ब्रेकने काम केलं की नाही, याच्याशी त्या तारेला देणंघेणं नसतं. पाय पडला का, एवढंच तिला ठाऊक.

मी दोन्हीकडचे बल्ब काढून उन्हात धरले. ब्रेकची तार स्प्रिंगसारखी नीटनेटकी, दोन्ही बल्बांत. दुसरी तार विस्कटलेली, दोन्ही बल्बांत.

म्हणजे ब्रेक निकामी झाले नव्हते. ब्रेकवर पायच पडला नव्हता.

आणि दुपारी एक वाजता, लख्ख उन्हात, गाडीचे दिवे चालू होते.

मी सुटकेचा श्वास सोडला तो पान्यासाठी. पण पायच का पडला नाही? झोप? चक्कर? डॉक्टरांच्या कागदावर तसं काही नव्हतं. मी दार ओढून डावीकडे आत बसले, जिथे माई बसायच्या तिथे.

सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढे ओढलेली. वर एक जाड उशी, बसल्यावर बॉनेटच्या पलीकडचा रस्ता स्वच्छ दिसावा इतकी. पायाखालच्या रबरी चटईला उजव्या टाचेपाशी आणि चवड्यापाशी झिजून भोक पडलेलं. अशी चटई ड्रायव्हरच्या बाजूला झिजते. माईंना गाडी चालवता येत नव्हती, हे मला मुलाने न विचारता दोनदा सांगितलं होतं.

मग मी मान वर केली. काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक जास्तीचा आरसा होता. छोटा, दोन स्क्रूंनी पक्का बसवलेला, तोंड डाव्या सीटकडे. त्यात मला मागचं अख्खं आवार दिसत होतं.

असा आरसा मी हजार वेळा बघितला होता, पण फक्त एकाच प्रकारच्या गाड्यांत. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांच्या.

३

पान्या आपल्याच बंद गॅरेजसमोर जुन्या टायरवर बसला होता. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, आणि हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. हाताला काम नसलं की मेकॅनिक असा दिसतो.

"ताई, उगाच ऊन खात आलात," तो म्हणाला. "चहा पण पाजता येत नाही. किटली आत, कुलूप बाहेर."

मी त्याला बल्बची गोष्ट सांगितली. वाटलं होतं उडी मारेल. त्याने मान खाली घातली.

"तसं लिहू नका."

"काय?"

"ब्रेकचंच लिहा. मी उद्या अकरा वाजता सरांच्या घरी जाऊन लिहून देतोय. नळीचा बोल्ट सैल राहिला म्हणून."

"मी स्वतः बघितलाय तो बोल्ट. मला सोडवायला लांब दांडा लावावा लागला!"

"एवढं घट्ट नको करायला होतं," तो म्हणाला आणि कसनुसा हसला.

"गॅरेज जाईल. तुरुंगात जाशील. घरी कोण बघणार?"

"बायको दोन दिवस बोलत नाहीये माझ्याशी." त्याने नाक पुसलं. "ताई, मी वर्गात 'ढ' होतो. सरळ रेघ यायची नाही. सर माझा हात धरून काढायचे. म्हणायचे, तुझ्या हातात अक्कल आहे, डोक्याची काळजी मी करतो. आज मी दुसऱ्याची गाडी उघडून पोट भरतो ते त्या हातामुळे. त्यांच्याबद्दल माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही."

"त्यांच्याबद्दल काय?"

पान्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"आरसा तू बसवलास."

त्याने टायरच्या खाचेतला खडा नखाने काढायला सुरुवात केली.

"उशीची उंची पण तूच बघितलीस. कधी?"

"तीन वर्षं झाली," शेवटी तो म्हणाला. "माई आल्या. एकट्याच. म्हणाल्या, पान्या, मला मागचं दिसेल असं काहीतरी कर. मी म्हटलं, माई, मागचं बघून तुम्ही काय करणार? तर म्हणाल्या, गप्पा मारायला विषय मिळतो. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग मी पण विचारलं नाही. दोन भोकं पाडली, आरसा लावला. फार चांगला लागला, ताई. जरा हलायचा नाही."

"पान्या..."

"उद्या अकरा वाजता," तो उठला. "त्याआधी तुमचा कागद देऊ नका. हात जोडतो."

आणि त्या धिप्पाड माणसाने खरंच हात जोडले.

४

रस्त्याच्या कामावरचा मुकादम पितळी गळ्याचा माणूस होता. वाहनांवर ओरडून आवाज तसा झालेला.

"ठोकळे? त्याच दिवशी बारा वाजता ठेवले. सकाळी रस्ता मोकळा होता. समोरूनच आली की ती गाडी सकाळी, जाताना. दिवे लावून! मी माणसांना म्हटलं, आजोबांना रात्र लवकर झालीय. आणि आजी शेजारी बसून आपली तोंडाचा पट्टा चालवतेय."

"काय बोलत होत्या?"

"खिडकी उघडी होती, तेवढं ऐकू आलं. डावीकडे खड्डा, हां, आता सरळ, सायकलवाला, थांबा, चला. माझी बायको पण अशीच बसते. म्हणून लक्षात राहिलं."

"आणि परत येताना?"

त्याचा आवाज खाली आला. "परत येताना काही नाही. तेच तर. ब्रेकचा आवाज नाही, हॉर्न नाही, ओरडणं नाही. आम्ही हात हलवतोय, शिट्ट्या मारतोय. आजी आतून समोरच्या फळीवर दोन्ही हात आपटत होत्या. धाड धाड. मग आजोबांच्या हाताला धरून हलवायला लागल्या. पण तोंडातून शब्द नाही. आणि गाडीने शेवटी थोडा वेग घेतला, बाई. घेतला. मी हे पोलीस साहेबांना सांगितलं, तर म्हणाले ब्रेक गेल्यावर तसंच वाटतं."

मी फुटपाथवर बसले. या रस्त्यावर मास्तर तीस वर्षं गाडी चालवत होते. वळण न् वळण हातांना पाठ. पाठ नव्हते ते ठोकळे. तासाभरापूर्वी तिथे नव्हतेच.

तीन वर्षं गाडी दोघं मिळून चालवत होते. हातपाय मास्तरांचे, बाकीचं सगळं माईंचं. चटईला भोक पडेपर्यंत त्या बाईने नसलेला ब्रेक दाबला होता. तीन वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. दोघांचं इतकं जमलं होतं.

मग त्या दिवशी, समोर मृत्यू दिसत असताना, माई 'थांबा' का म्हणाल्या नाहीत?

५

दातांच्या दवाखान्यात वहीवर नावं लिहिणारी बाई माईंचं नाव काढताच रडवेली झाली.

"खालची दाढ काढली त्यांची. अवघड होती, मुळं वाकडी. अर्धा जबडा, जीभ, सगळं बधिर केलेलं. कापसाचा बोळा दिला दाबून धरायला. डॉक्टर सगळ्यांना सांगतात तेच सांगितलं. तासभर बोळा काढायचा नाही, बोलायचं नाही."

"त्यांनी प्रयत्न केला बोलायचा?"

"केला की. इथे टेबलाशी येऊन काहीतरी म्हणत होत्या, पण नुसतं बबबब. मी म्हटलं, माई, आता तासभर आराम त्या तोंडाला." तिने डोळे टिपले. "चेष्टेने म्हटलं हो. त्या एरवी किती बोलायच्या."

"सोबत मास्तरच होते?"

"मुलगा आणणार होता. त्याच्या नावानेच वेळ घेतलेली. सकाळी त्याचा फोन आला, कामावरून निघता येत नाही, पुढच्या आठवड्यात करू का. पण त्यांना इतकं दुखत होतं... मग मास्तर म्हणाले म्हणे, आपण दोघं जाऊ. नेहमीसारखं."

मी बाहेर येऊन माझ्या स्कूटरवर तशीच बसून राहिले. आता मला ते शेवटचं मिनिट दिसत होतं. माई हात आपटतात. नवऱ्याच्या हातात नखं रुतवतात. शेजारून फक्त कण्हण्यासारखा आवाज येतो. आणि नवऱ्याला वाटतं, बिचारीची दाढ ठणकतेय.

'पोचलोच आता.' म्हणून त्याने वेग वाढवला. तिला लवकर घरी न्यायला.

हा माणूस पाच आठवडे खिडकीत बसून काय ऐकत असेल?

कागद लिहायला दहा मिनिटं लागली असती. मी पेन उघडलं आणि बंद केलं. बल्बच्या दोन तारांवर मुलगा ऐकणार नव्हता, तो दुसरा तपासनीस आणणार. आणि उद्या अकरा वाजता पान्याची सही झाली की माझ्या तारांना कोण विचारतंय? त्याला वाचवू शकणारी माणसं त्या एकाच घरात होती, आणि ती सगळी पायऱ्यांना रंग द्यायचाय म्हणून सांगत होती.

६

अकराला दहा कमी असताना मी पोचले. पान्या आधीच आलेला, अंगाला न होणारा इस्त्रीचा शर्ट घालून. टेबलावर कागद. मुलगा समोर, सून दाराच्या चौकटीला टेकून. मास्तर खिडकीपाशी.

"बरं झालं आलात," मुलगा मला म्हणाला. "हा कबूल करतोय. मिटलं सगळं."

"मला पाच मिनिटं द्या," मी म्हटलं. "सही पळून जात नाही."

मी बल्ब टेबलावर ठेवले आणि सांगत गेले. तारा. भर उन्हात लावलेले दिवे. पुढे ओढलेली सीट, उशी, चटईचं भोक, आरसा. मुकादमाने जाताना ऐकलेलं आणि येताना न ऐकलेलं. दाढ, बोळा, बधिर जीभ. मी सावकाश सांगितलं आणि मधे एक जागा रिकामी ठेवली. ती भरायचा हक्क माझा नव्हता.

भिंतीवरचं ते भलंमोठं घड्याळ टिकटिकत होतं.

"म्हणजे तुमचं म्हणणं काय?" मुलाचा आवाज चिरकला. "माझ्या वडिलांनी मारलं माझ्या आईला? हे लिहिणार तुम्ही?"

"मी तसं काही म्हटलं नाही."

"मग काय म्हणताय? नीट बोला ना!"

"अहो, पुरे," सून दारातून म्हणाली.

"काय पुरे? तू गप्प बस."

"गप्पच बसलेय. तीन वर्षं गप्प बसून सामान आणतेय." ती पुढे आली. "घड्याळ आणलं. मीच सांगितलं, जुनं बंद पडत होतं. पडत नव्हतं. फोन आणला. दिवे आणले. गॅसच्या बटणाला मणी चिकटवला. चहा ठेवला की चमचा वाजवते. कोणी मला सांगितलं नाही हे करायला, आणि कोणी मला विचारलं पण नाही का करतेस म्हणून. तुम्ही लायसन्सच्या वेळी डॉक्टरचा तो कागद घरबसल्या आणलात, मी विचारलं?"

मुलगा खुर्चीत बसला.

"किल्ली काढून घेतली असती," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तर त्या दोघांना कोणी न्यायचं कुठे? मला वेळ कधी होता? त्या दिवशी पण..." त्याने हात चोळायला घेतले आणि तसेच धरून ठेवले. "मी एकदा म्हणणार होतो बाबांना. आईने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. म्हणाली, ते काढून घेतलंस तर त्यांच्याकडे उरतं काय? मी आहे ना शेजारी."

पान्याने पेन उचललं. "दादा, सोडा. कशाला हे सगळं? माझी सही घ्या आणि संपवा. सरांना त्रास नको." तो कागदावर वाकला.

"पण मग ती बसलीच का गाडीत?" मुलगा कोणालाच उद्देशून नाही असा म्हणाला. "तोंडात बोळा. तिला माहीत होतं आज जमणार नाही. टॅक्सी होत्या समोर उभ्या. का बसली ती?"

तेव्हा मास्तर हलले. त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात दोन बोटं घातली आणि एक घडी केलेला कागद काढला. घड्यांवर मऊ होऊन फाटायला आलेला.

"तिने दवाखान्याच्या दारात मला हे दिलं," ते म्हणाले. "हातात कोंबलं आणि दंडावर थोपटलं. मी उघडून धरलं समोर, जरा वेळ. वाचता येत नाही, हे मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, बरं. घडी घातली. आणि गाडीकडे चालायला लागलो. ती आली नाही लगेच. तिच्या चपलांचा आवाज आला नाही. मग आला."

कोणी हात पुढे करत नव्हतं.

"इस्पितळात कपडे बदलले तरी हे मी हातात ठेवलं," मास्तर म्हणाले. "मला वाटलं औषधाचं असेल. कशाचंही असेल. पाच आठवडे झाले. कोणाला वाच म्हणायचं, तर आधी त्याला सांगावं लागलं असतं..." पुढचं आलं नाही. त्यांनी कागद समोर धरला, हवेत, कोण कुठे आहे याचा अंदाज घेत.

मुलाने घेतला. उघडला. त्याचे ओठ हलले आणि आवाज फुटला नाही. सुनेने कागद त्याच्या हातातून हलकेच काढून घेतला.

"आईंचं अक्षर आहे," ती म्हणाली. मग तिने वाचलं, एकेक शब्द वेगळा. "आज गाडी नको. मला बोलता येत नाही. टॅक्सीने जाऊ."

बाहेर कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं. चालू होत नव्हती. मग झाली आणि गेली.

मास्तरांनी मान हलवली, वर्गात एखाद्याने बरोबर उत्तर दिल्यावर हलवावी तशी. त्यांचा चेहरा मला बघवेना. खुर्चीच्या हाताला धरून ते उठले. सून पुढे झाली, त्यांनी तिला हातानेच थांबवलं. दोन पावलं टाकली, टेबलाची कड लागली, कडेकडेने हात सरकवत ते पान्यापर्यंत आले आणि त्याच्या मुठीतलं पेन शोधून काढून घेतलं.

"ब्रेक चांगले होते," ते म्हणाले. "याचं कुलूप काढा."

"सर, नका..." पान्या रडत होता.

"आणि बाई, तुम्ही लिहून घ्या." मास्तर माझ्याकडे वळले, थोडं जास्तच डावीकडे. "तीन वर्षं झाली. मला दिसत नाही."